शिळी ओळ

बदक ओव्हनमध्ये सरकवण्याआधी व्लास्ताने आत वाकून नीट पाहून घेतलं. अलीकडे ही तिची सवयच झाली होती. गेल्या महिन्यात याच ओव्हनमध्ये तिला नवऱ्याचा, लुबोरचा, काळा बूट सापडला होता. मळलेल्या पिठात लपेटलेला, कडांनी खरपूस भाजलेला.

दुसऱ्या कुणाच्या सासूने असं केलं असतं तर घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. पण ब्लाझेनाची गोष्ट निराळी. सत्तेचाळीस साली तिने आपल्या नवऱ्याचा, ओताकारचा, बूट असाच पावात भाजून प्रदर्शनात टांगला होता. त्याचा फोटो पॅरिसच्या मासिकात छापून आला. बिचारा ओताकार त्या आठवड्यात गमबूट घालून कचेरीत गेला. प्रागमधल्या अतिवास्तववाद्यांच्या टोळक्यात ती विशीतच शिरली होती आणि पुढे नाझी आले, गेले, कम्युनिस्ट आले, गेले, टोळक्यातले निम्मे मेले, निम्मे देशोधडीला लागले, तरी ही बाई तिथून हलली नाही. कविता लिहायची, चित्रं कापून चिकटवायची, चमच्यांना केस आणि कंगव्यांना दात बसवायची. आज तिला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती.

मग हा महिन्यापूर्वीचा बूट कलाकृती म्हणायचा की आजार? याच एका प्रश्नावरून घरात दोन तट पडले होते.

"जेवायलाच येताहेत ते," लुबोर स्वयंपाकघराचं दार लोटून घेत दबक्या आवाजात म्हणाला. "डॉक्टर बेरान. आईला मी सांगितलंय की ब्रनोहून एक चित्रं जमवणारे गृहस्थ येताहेत. तुम्ही दोघी फक्त तोंड सांभाळा."

हेदविकाने कोबी चिरायची सुरी खाली ठेवली. ती लुबोरची धाकटी बहीण. अडुसष्ट साली रशियन रणगाडे आले तेव्हा व्हिएन्नाला पळाली, आणि सीमा उघडल्यावर वर्षातून दोनदा अत्तराचा घमघमाट घेऊन यायला लागली.

"स्वतःच्या आईच्या वाढदिवसाला तिच्यावर हेर सोडतोस?" ती म्हणाली. "सत्तरच्या दशकात पोलीस हेच करायचे. त्यांचा माणूसही ब्रनोचाच असायचा!"

"पोलीस ट्रामच्या शेवटच्या थांब्यावरून तिला घरी आणून सोडत नव्हते. परवा ड्रायव्हरने आणून सोडलं. नुसती बसून होती म्हणे. कुठं जायचं विचारलं तर म्हणाली, 'जिथं रूळ लाजतात तिथं.'"

"किती सुंदर!"

"सुंदर? तू ऐकतेस व्हिएन्नातून, फोनवर. इथं आम्ही भोगतो." लुबोर टेबलाला टेकला. "वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झालीय. या आठवड्यात डॉक्टरांची चिठ्ठी दिली नाही तर ती दुसऱ्याला जाईल. पुन्हा नंबर कधी लागेल देव जाणे."

"आणि वसंतातलं प्रदर्शन? आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव भिंतीएवढ्या पोस्टरवर लागणार आहे. तेव्हा ती कुठं असेल? वेड्यांच्या इस्पितळात?"

"वृद्धाश्रम आहे तो, वेड्यांचं इस्पितळ नाही!"

"हळू," व्लास्ता म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं, आणि ती बदकावर जिरं भुरभुरत राहिली. लुबोरला वाटत होतं ती आपल्या बाजूची आहे. ते खोटंही नव्हतं. बूट सापडला त्या संध्याकाळी तीच जिन्यात बसून म्हणाली होती, "माझ्याच्याने आता नाही होत, लुबोर." पंचवीस वर्षं ती या घरात सासूबरोबर राहिली होती. रशियन शिकवणारी मास्तरीण. क्रांतीनंतर रशियन कुणालाच नको झालं, तेव्हा पन्नाशीत जर्मन व्याकरण घोकत होती. सासू तिला पाहुण्यांसमोर "आमची विभक्तिप्रत्यय" म्हणायची. असले टोमणे ती मुकाट गिळत आली होती. पण नवऱ्याने खरंच डॉक्टर बोलावला म्हटल्यावर तिला हलकं वाटण्याऐवजी जडच वाटलं.

"काही उपयोग नाही," हेदविका म्हणाली. "आई त्याला दारातच ओळखेल."

ते मात्र खरं होतं. मागे असाच एक साध्या कपड्यातला माणूस चित्रं बघायला म्हणून आला होता. ब्लाझेनाने त्याला सूप वाढलं, आणि त्यात घराची किल्ली सोडली. "पुढच्या वेळी बेल वाजवायचा त्रास नको," म्हणाली.

डॉक्टर बेरान मात्र दारात ओळखले गेले नाहीत. निदान तसं दिसलं तरी. मऊ आवाजाचे, स्वेटरला कोपरावर ठिगळ लावलेले गृहस्थ. ब्लाझेना ओताकारचा जुना वेस्टकोट घालून बाहेर आली, ज्याला बटणांच्या जागी चहाचे चमचे शिवले होते. चालताना किणकिणत होती.

"या, या. ब्रनोहून? प्रवास बरा झाला ना?" ती म्हणाली.

व्लास्ताच्या हातातली ताटं क्षणभर थबकली. प्रवास बरा झाला ना? तिच्या सासूने पंचवीस वर्षांत एकाही पाहुण्याला असलं काही विचारलं नव्हतं.

बदक, लाल कोबी, उकडलेले बटाट्याचे गोळे. खालच्या गुत्त्यातून लुबोरने मोठा जग भरून बिअर आणली. डॉक्टरांनी दोन घास खाल्ले, भिंतीवरची चित्रं वाखाणली आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, "बाई, तुम्हा लोकांत शब्दांचे खेळ खेळायचे म्हणे. मीही एक देऊ? तीन शब्द सांगतो. लिंबू, शिडी, घंटा. ठेवा जपून, मी नंतर परत मागेन."

"उधार घेतले," ब्लाझेना म्हणाली.

"आणि कलाकारांचं कॅलेंडर वेगळं असतं म्हणतात. तुमच्या हिशेबाने हे साल कोणतं?"

लुबोरने काटा खाली ठेवला. ब्लाझेनाने खिडकीकडे पाहिलं, मग आपल्या वेस्टकोटाकडे. आणि म्हणाली, "सालाने कोटाची बटणं एक घर चुकवून लावलीयत. त्याला कुणी सांगू नका."

हेदविकाने टाळीच वाजवली. "ऐकलंस, लुबोर? ऐंशीव्या वर्षी!"

डॉक्टरही हसले. "मी तुमचं घर शोधताना फार भटकलो हो. काय बरं नाव या गल्लीचं?"

"गल्ली रात्री माझ्या खिशात घडी घालून झोपते. सकाळी तिला सुरकुत्या असतात."

लुबोर डॉक्टरांकडे बघत होता: पाहिलंत? हेदविका त्याच्याकडे बघत होती: पाहिलंस? एकच वाक्य दोघांच्या पदरात पडलं आणि दोघांनाही वाटलं आपण जिंकलो. व्लास्ता मात्र ताटातल्या रश्श्याकडे बघत राहिली. तिच्या बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या होत्या.

ती वाक्यं तिला ठाऊक होती.

सत्तरच्या दशकात सासूची एक ओळही छापायची सोय नव्हती, तेव्हा सगळ्या कविता टाइप केल्या होत्या व्लास्ताने. शेजारी शनिवार-रविवार गावाबाहेरच्या कुटीवर गेले की आवाज दबावा म्हणून टाइपरायटरखाली घोंगडी घालून ती बसायची. कार्बनचे थरावर थर. शेवटच्या प्रतीत अक्षरं धुक्यातल्या माणसांसारखी दिसायची. पकडली गेली असती तर नोकरी गेली असती. सासूने कधी आभार मानले नाहीत, आणि हिनेही कधी सांगितलं नाही की तुमच्या कवितेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण डोक्याला न कळलेलं बोटांना पाठ झालं होतं. बटणं चुकवलेलं साल होतं अडतीसच्या, देशाचे लचके तोडणाऱ्या म्युनिक करारानंतरच्या कवितेत. घडीची गल्ली युद्धातली, दिवे मालवलेल्या प्रागची.

ब्लाझेनाचा एकच नियम होता: वापरलेली ओळ पुन्हा वापरायची नाही. टोळक्यातल्या एका कवीने आपलीच जुनी उपमा दुसऱ्यांदा वाचली, तेव्हा तिने त्याच्या पुढची सूपची ताटली उचलून नेली होती. "शिळ्या कढीला ऊत आणणारा माझ्या टेबलावर नको."

"आणि ही तुमची लेक," डॉक्टर म्हणत होते, "कुठं असते ही?"

ब्लाझेना हेदविकाकडे बघत राहिली. फार वेळ. मग हळू म्हणाली, "लेक म्हणजे परक्या पावसात वाळत घातलेला फ्रॉक."

हेदविकाचे डोळे भरून आले. तिने आईचा हात धरला. "आई," एवढंच म्हणाली.

व्लास्ता उठली. "गोळे संपले. आणते," म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

मागून चमच्यांची किणकिण आली. ब्लाझेना रिकामी ताटली घेऊन दारात उभी.

"तुझा चेहरा कार्बन पेपरसारखा का झालाय, विभक्तिप्रत्यय?"

"आई, दार लावा." व्लास्ताने आवाज खाली आणला. "फ्रॉकची ओळ एकोणसत्तरची आहे. हेदविका गेली त्या हिवाळ्यातली. मी टाइप केलीय. गल्लीची युद्धातली. बटणांची अडतीसची."

ब्लाझेनाने ताटली खाली ठेवली. ठेवताना ती ओट्याच्या काठावर आपटली. मग तिने स्टूल ओढलं आणि बसली.

"सगळ्याच?"

"सगळ्याच. ट्रामच्या ड्रायव्हरला सांगितलेली रुळांचीसुद्धा."

"मला वाटलं, निदान ती तरी नवी असेल." म्हातारीचे हात मांडीवर उताणे पडले होते. "सकाळी उठते, हात घालते, तर आत काही नाही. पूर्वी हात घातला की काहीतरी चावायचं. आता कुणी काही विचारलं आणि मला ठाऊक नसलं, की फडताळावरचं हाताला येईल ते देते. लोक हसतात. खूश होतात. कुणाला कळतच नाही ग. आयुष्यभर अशीच बोलले ना, म्हणून बरं झाकलं जातं."

"आणि बूट?" व्लास्ताने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण गेलं तोंडातून.

"तेच तर. महिनाभर आठवतेय. काम म्हणून केला असता तर मला कळलं असतं. हात थरथरतात, जेवण जात नाही. काम असलं की कळतंच." तिने वर पाहिलं. इतक्या वर्षांत त्या डोळ्यांत व्लास्ताने राग पाहिला होता, तिरकसपणा पाहिला होता. भीती आज पहिल्यांदा दिसली. "मला वाटतं मी नुसताच पाव करायला घेतला होता, व्लास्ता."

बाहेर लुबोर काहीतरी बोलत होता, हेदविका त्याला तोडत होती. व्लास्ताला वाटलं, आता मी तोंड उघडलं तर ही आश्रमात जाते. नाही उघडलं तर हेदविका जिंकते, परवाच्या गाडीने व्हिएन्नाला जाते, आणि ही माझ्या डोळ्यांदेखत एकटीच या अंधारात उतरत राहते.

"मी नाही सांगणार कुणाला," ती म्हणाली.

"तू कशाला सांगशील? चल, हात दे मला."

टेबलाशी येऊन ब्लाझेना बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "डॉक्टर, तुमचा खेळ अर्धा राहिलाय."

लुबोरचा हात बिअरच्या जगावरच थिजला. "आई, तुला कुणी—"

"कुणी नाही सांगितलं. चित्रं जमवणारा माणूस भिंतीकडे बघतो. हे सारखे माझ्या हातांकडे बघताहेत."

"मग मघाशी का नाही बोललीस? हाकललं का नाहीस?" हेदविका उसळली.

"कारण मलाच हवे होते ते. माझं डोकं तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला मी जन्मभर हाकललं. आता कोणत्या तोंडाने बोलावणार होते? लुबोरने बोलावलं, बरंच केलं. विचारा, डॉक्टर. आता नीट उत्तरं देते."

डॉक्टरांनी रुमालाने ओठ टिपले. मऊ आवाज आणखी मऊ झाला. "साल कोणतं, बाई?"

"नाही ठाऊक. काचेवर वाफ धरलीय म्हणजे थंडीचे दिवस असावेत."

"गल्लीचं नाव?"

"नाही."

"मी तीन शब्द दिले होते."

ब्लाझेनाने डोळे मिटले. चमचे किणकिणायला लागले.  "लिंबू," ती म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. "लिंबू. दुसरं काही दिलं होतं का?"

"आई, पुरे," लुबोर म्हणाला.

तो अठरा वर्षांचा असताना कॉलेजच्या प्रवेशसमितीने आईला बोलावून विचारलं होतं, तुमची राजवटीबद्दल भूमिका काय? एक सरळ वाक्य बोलली असती तर पोराला प्रवेश मिळाला असता. तिने समितीला विचारलं, तुमच्या टेबलाला रात्री शेपूट फुटतं ते तुम्ही कुठं लपवता? लुबोरने सात वर्षं खड्ड्यांत उतरून पाण्याचे पाइप टाकले आणि रात्रशाळेत शिकून इंजिनिअर झाला. तेव्हापासून त्याचं आईकडे एकच मागणं होतं, एकदा तरी सरळ उत्तर दे. आज तिने ओळीने तीन दिली होती.

"पुरे म्हटलं ना!" त्याचा आवाज चिरकला. "असं नको बोलूस. मघासारखं बोल. काहीतरी तुझं बोल."

"तेच तर नाहीये रे."

हेदविका व्लास्ताकडे वळली होती. तिला काहीतरी उमगत चाललं होतं. "मघाची ती फ्रॉकची ओळ..."

"तू गेलीस तेव्हाची आहे," व्लास्ता म्हणाली. "शिळी आहे. पण तुझीच आहे."

हेदविकाने तोंडावर हात धरला. एवढ्या वर्षांत तिला ती ओळ कुणी पाठवली नव्हती. पाठवायची सोयच नव्हती.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालीय. थांबणार नाही. कधी हळू जाईल, कधी एकदम पायऱ्या उतरल्यासारखी. एकटीला सोडायचं नाही, गॅसजवळ तर मुळीच नाही. "चिठ्ठी मागितलीत तर ती मला द्यावीच लागेल," ते लुबोरला म्हणाले. "आणि हवी असेल तर ती याच आठवड्यात."

 शेवटी ब्लाझेनाच म्हणाली, "जाईन मी. अडून बसणार नाही. फक्त मला आधी काहीतरी करून बघायचं होतं. प्रदर्शनात सगळंच जुनं मांडलं तर ते श्राद्ध होईल."

"खाट दुसऱ्याला देऊ दे," व्लास्ता म्हणाली.

लुबोर चमकला. "तूच म्हणाली होतीस, तुझ्याच्याने होत नाही."

"म्हणाले होते. उद्या परत म्हणेन. परवाही म्हणेन, तेव्हा तू ऐकून घ्यायचं, आणि आठवड्यातले तीन दिवस घरी लवकर यायचं. पाइप काय पळून जात नाहीत."

"मी राहते इथंच," हेदविका घाईघाईने म्हणाली. "मी आईजवळ राहते."

"आधी नाताळपर्यंत राहून दाखव," व्लास्ता म्हणाली. "मग पुढचं बोलू."

लुबोर डॉक्टरांना पोचवायला खाली गेला. येताना त्याच्या हातात चिठ्ठी होती की नाही, ते व्लास्ताने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. तो दाराजवळच्या खुर्चीवर कोट न काढताच बसला.

कॉफी झाली. बाहेर दिवेलागण होत होती, कोळशाच्या धुराचा वास फटीतून आत येत होता. हेदविका कपबशा विसळत होती. ब्लाझेना म्हणाली, "व्लास्ता, इकडे बस. मला आता जुनं-नवं कळत नाही. तुला कळतं. मी बोलते, तू फक्त सांग. आणि दया येऊन खोटं बोलायचं नाही हं."

"नाही बोलणार."

"चंद्राने दाताच्या डॉक्टरकडे आपली जागा राखून ठेवलीय."

"जुनी."

"आईच्या शिंप्याने समुद्राची बाही उसवली."

"जुनी. त्रेचाळीस."

"अग, मला तरी बोलू दे पुरतं." ती चिडली, आणि चिडल्यावर जराशी पूर्वीसारखी दिसली. "दगडांना सुट्टी लागली की..."

"जुनी, आई."

 एकेका 'जुनी'सरशी ती म्हातारी खुर्चीत थोडी थोडी खाली चालली होती. एकदा नवी म्हटलं तर काय बिघडणार होतं? कुणाला कळणार होतं? सगळ्या ओळींची प्रत आता व्लास्ताच्या एकट्या डोक्यात उरली होती. हेदविका नळ बंद करून दारात उभी होती. लुबोर जमिनीकडे बघत होता.

ब्लाझेना बराच वेळ कपाळ चोळत राहिली. मग कुणाकडेच न बघता, सोप्या, थकलेल्या आवाजात म्हणाली, "माझ्या कपाळात कुणीतरी खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवतंय. आणि गिऱ्हाईक अजून बसलेलं आहे."

व्लास्ताने डोळे मिटले. बोटं मांडीवर आपोआप हलू लागली. अडतीस, युद्ध, बूट भाजला ते वर्ष, बंदीची वर्षं, घोंगडी, कार्बन, धुक्यातली अक्षरं. ती सगळीकडून फिरून आली. दोनदा फिरून आली. घाई करायची तिला भीती वाटत होती.

"व्लास्ता," लुबोरने दबक्या आवाजात विचारलं, "नवी आहे का?"

व्लास्ताने डोळे उघडले.

"नवी आहे," ती म्हणाली.

"मग बघत काय बसलीस?" ब्लाझेना म्हणाली. "लिहून घे, जायच्या आत."